पान दोनशे सतरा

जनकगंजच्या वाचनालयात ती कादंबरी
दाखल क्रमांक चार हजार एकशे अठरा.
बांधणी मीच केली, दोनदा,
खळ शिजवून, मोरचूद घालून,
पण मधलं एक पान कधी परत आलं नाही.

दोनशे सोळा संपतं ते असं:
‘दरीतल्या राणीनं मुखवटा उतरवला, आणि’
मग एकदम दोनशे एकोणीस:
‘त्या दिवसापासून कुणी त्या दरीत मीठ नेलं नाही.’

हेरंब खानवलकर तेव्हा सहावीत.
पुस्तक परत करताना भांडला माझ्याशी,
जणू मीच खाल्लं होतं ते पान.
मी तारखांची जुनी चिठ्ठी उलटी करून दिली, म्हटलं,
तूच लिही ना.
त्यानं लिहिलं: मुखवट्याखाली चेहरा नव्हता, खिडकी होती,
आणि काचेवर आपटलेला एक पक्षी.

मग सगळ्यांना कळलं.
फालका बाजारातली शरयू शितोळे:
तिच्या गालावर माझ्या धाकट्या काकूसारखा डाग होता. ती हसली.
तारखात्यातले निवृत्त तेलंग, मुंग्यांसारख्या अक्षरात:
चेहरा गौण आहे. मुखवटा जड असावा.
मान मोकळी झाल्यावर बाईंनी उसासा टाकला असेल.
एकानं नुसतंच: मला सांगायचं नाही.
अशा एकतीस चिठ्ठ्या.
गजकाच्या डब्यात ठेवल्यात,
अजून तिळाचा वास येतो त्यांना.

या हिवाळ्यात तिचा पिक्चर आला.
तिकिटं हेरंबनंच काढली.
धुकं असं की किल्ला दिवसभर दिसला नव्हता,
टेम्पोवाला डोकं बाहेर काढून रस्ता हुडकत होता.

दरीत उतरायला पुस्तकात नव्वद पानं लागतात.
नव्वद पानं गुडघे दुखतात,
कुणी वहाणेचा अंगठा शिवत बसतो,
वाटाड्या दर वळणावर पैसे वाढवून मागतो.
पडद्यावर तुताऱ्या वाजल्या
आणि सगळे खाली होते.

नाही, छान होतं. खोटं कशाला बोलू.
बर्फ पडला तेव्हा मी शाल ओढून घेतली.

मग तिनं मुखवटा उतरवला.
हिरवा चेहरा. खवले.
नटी देखणी, खवल्यांतही देखणी.
टाळ्या पडल्या.
चाळीसेक सेकंद तो चेहरा तिथे होता,
एवढा मोठा, एवढ्या उजेडात,
की एकतीस जणांना बसायला जागाच उरली नाही.

मिठाचं कुणी काही बोललंच नाही.

बाहेर येऊन चहा प्यालो.
हेरंब बराच वेळ कपात बघत होता.
‘काकू, माझा पक्षी कुठला होता हो?
आठवतच नाहीये.’
डब्यात आहे, मी म्हटलं.
घरी येऊन पाहिलं.
डब्यात चिठ्ठी आहे. पक्षी नाही.

नंतर पुण्याच्या भाचीनं फोनवर ते पान पाठवलं,
कुठूनशी धड प्रत मिळवून, मी न मागता.
वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
लेखकानं लिहिलंय, त्या क्षणी वारा सुटला
आणि आम्ही सगळे
आपापल्या पायांकडे बघत राहिलो.
पुढे पानभर नुसता वारा.
त्यानंही पाहिलं नव्हतं.

हे मी हेरंबला सांगितलेलं नाही.

काल त्याची मुलगी पुस्तक परत घेऊन आली,
पाचवीतली, दोन दात पडलेली.
आत चिठ्ठी होती. लिहिलेलं काही नाही, चित्र.
हिरवा चेहरा, खवले, पिक्चरमधलाच,
स्केचपेननं गिरवगिरवून.
मी काही बोलले नाही. शिक्का मारला.

मग खालच्या कोपऱ्यात दिसली
बारीक टिंबं, पेन्सिलीची,
कागद फाटेल इतकी टोचलेली.
हे काय गं?
‘मीठ,’ ती म्हणाली.
‘सांडत चाललंय. ते परत घरी नेताहेत ना.’