दर्भकाचं काय करायचं

आज रात्री नऊला शेवटचा भाग,
आणि साखळीच्या बाजारात, माझ्या शिलाईच्या दुकानात
दुपारपासून एकच खटला चालू आहे.
अस्तर लावू की नको, हे कुणी सांगत नाही.
दर्भकाला माफ करायचं की नाही, तेवढं सांगतात.

दर्भक म्हणजे तो, ज्यानं तीन गावं मिठाची केली.
माणसं, गुरं, पाळण्यातली पोरं, सगळं मीठ.
मग एक्केचाळिसाव्या भागात कळलं
की लहानपणी त्याच्या बहिणीला
राजाच्या माणसांनी मिठागरात पुरलं होतं.
तेव्हापासून अर्धी साखळी त्याच्या बाजूची.
कॉलेजच्या मुली म्हणतात, मावशी, त्याचे डोळे बघा.
बघितले. छान आहेत.
मिठाच्या पोरांचे डोळे कॅमेऱ्यानं जवळून दाखवले नाहीत.

नवसो पोस्टमन म्हणतो, जाळा त्याला.
कृष्णावती मास्तरीण म्हणते, मरू दे,
पण कुणाला तरी वाचवताना,
म्हणजे आपल्याला रडता येईल आणि हिशेबही मिटेल.
सांतान पोदेर सायकल टेकवून आत डोकावतो:
लगीन लावा हो त्याचं, पोरगा वाईट नाही.

पडद्यामागे माझा भाऊ हूक-बटणं लावतो.
सगुण. त्याला कुणी विचारत नाही.

खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट.
खनिजाचा टिप्पर, कुडण्याचं वळण,
दिवसाच्या आठ फेऱ्या, नवव्या फेरीला जादा पैसे,
आणि सायकलवर वैजंतीचा मुलगा,
हँडलला डबा.
माझ्याकडेही आहे एक एक्केचाळिसावा भाग:
आईचं डायलिसिस, मालकाचे फोन,
दोन रात्री न मिटलेले डोळे.
वकिलाला सांगितला. कोर्टात सांगितला.
वैजंतीला सांगायला गेले,
तिनं दार उघडलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं,
आणि म्हणाली,
"माझ्या पोराचा कितवा भाग गो?"

शिक्षा भोगून आला त्याला सात वर्षं झाली.
स्टिअरिंगला हात लावत नाही.
जूनमध्ये शाळेचे गणवेश येतात,
त्यात अठ्ठावीस छातीचा शर्ट आला
की न बोलता माझ्याकडे सरकवतो.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून मीच विचारलं,
"तुझं काय म्हणणं? दर्भकाचं काय करावं?"
त्यानं दातानं दोरा तोडला.
"मारू नये. मेला की सुटला.
लग्न तर नकोच."
"मग?"
"दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवावी.
पाव आणायला निघालाय. सुट्टे पैसे शोधतोय."
"आणि त्या गावचे लोक?"
"ते असतातच की. रस्ता तोच ना."

नऊ वाजले. दर्भक गुडघ्यांवर बसला,
त्याचा एक थेंब मिठावर पडला
आणि तिन्ही गावं उठली.
पोरं अंग झटकून हसू लागली.
शेजारच्या घरात कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
मला राग आला.
लिहिणाऱ्याला काय, त्याच्याकडे उठवायला पोरं होती.
सगुण कधी बाहेर गेला, कळलं नाही.
जेवण झाकून ठेवलं. तसंच राहिलं.

सकाळी वैजंती ब्लाऊज न्यायला आली.
एरवी ती सुनेला पाठवते.
उजेडात धरून बघितला,
आतबाहेर उलटा केला,
आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाली,
"खालचा हूक सैल आहे."
पडद्याखालून हात आला.
तिनं ब्लाऊज त्या हातात दिला.
सुई चालल्याचा आवाज येत नाही,
तरी आम्ही दोघी ऐकत उभ्या होतो.
हात पुन्हा आला. तिनं हूक ओढून पाहिला.
पैसे मोजून दिले, वीस रुपये परत घेतले,
आणि उन्हात उतरली, वळणाच्या दिशेनं.