चौदा बैलजोड्या

शाळा हलवायचं ठरलं
तेव्हा आधी मुलांना सांगितलं, मग पालकांना,
बैलांना सगळ्यांत शेवटी.

दोन हिवाळे समुद्र वर्गात येत होता.
पहिलीच्या बाकांखाली बसायचा, हजेरी न देता.
भिजलेली अंकलिपी मी चुलीवर वाळवली,
तिला अजून शिंपल्यांच्या रश्शाचा वास येतो.
मी ओर्फेलिना, इथली स्वयंपाकीण.
तेवीस मुलं, तेवीस वाडगे.

आमच्या चिलोए बेटावर घर हलवायला मजूर लावत नाहीत,
निरोप धाडतात.
त्याला मिंगा म्हणतात.
पैसा नाही, पोटभर जेवण,
आणि उद्या तुमचं घर हलेल तेव्हा आम्ही.

आदल्या शुक्रवारी कार्कामोबाईंनी शाळा वाटून टाकली.
एकेक वस्तू एकेका घरी, रात्रभर सांभाळायला.
पृथ्वीचा गोल एलिसेओनं नेला.
त्याच्या आजोबांनी त्यावर चिलोए शोधलं, सापडलं नाही,
मग पेन्सिलीनं ठिपका दिला,
जरा मोठाच.
घड्याळ जुळ्यांनी नेलं,
सहा तास हिचे, सहा तास तिचे.
घंटा फिलोमेलाकडे.
रात्री वाजू नये म्हणून तिनं घंटेच्या जिभेला
लोकरीचा मोजा घातला.
दह्याच्या कपांतली वाटाण्याची रोपं, फळा, अकॉर्डियन,
झाडलोटीच्या पाळ्यांचा तक्ता
(तो न्यायला कुणी भांडलं नाही).
शेवटी उरली पहिलीतली इस्मेनिया,
आणि शाळेत काहीच उरलं नाही.
बाईंनी खिसे चाचपले.
तिला किल्ली दिली.

शनिवारी धुकं होतं.
भिंतींखाली ओंडके सरकवले, दोर बांधले.
चौदा जोड्या.
लेपिओंच्या जोडीत एकाचं नाव ‘उद्या’, दुसऱ्याचं ‘बघू’.
त्यांना सगळ्यांत पुढे जुंपलं.
शाळा आधी कण्हली, मग हलली,
आणि छपरातून एकामागून एक
तीन चेंडू पडले.
दोर ओढणारा प्रोसपेरो, वय छत्तीस, ओरडला,
‘तो लाल माझा!’
आणि दोर सोडून धावला.
बायको त्याला काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

अर्ध्या चढावर दोर तुटला.
शाळा दोन हात मागे सरकली,
माणसं बाजूला पांगली, कुणी श्वास घेईना.
तेव्हा कुंपणावर बसलेल्या तिसरीनं
कुणी न सांगता पाढा सुरू केला.
सात सक बेचाळीस, की ओढा.
सात साते एकोणपन्नास, की ओढा.
सात आठे...
नेहमीसारखीच अडली पोरं.
आणि ‘उद्या’ही थांबला, ‘बघू’ही.
दोनशे माणसं एका दमात ओरडली: छप्पन्न!

मी हे पाहिलं ते खड्ड्याजवळून.
तापलेल्या दगडांवर शिंपले, बटाटे, डुकराचं मांस,
वर छत्रीएवढी पानं.
वाडगे कमी पडले.
लोक झाकणांत जेवले, टोप्यांत जेवले,
एकजण गोल उलटा करून मागत होता,
एलिसेओनं त्याला पृथ्वी दिली नाही.

आता शाळा वर आहे.
सोमवारी वस्तू परत आल्या.
घड्याळ वीस मिनिटं मागे, जुळ्या एकमेकींकडे बोट दाखवतात.
घंटेचा मोजा काढायला आम्ही विसरलो,
पहिला तास मुक्यानंच सुरू झाला.
जमीन थोडी कलती बसली आहे.
चौथीच्या बाकावरून सुटलेली गोटी
घरंगळत पहिलीच्या कोपऱ्यात जाते.
पहिलीवाल्यांकडे आता एकतीस गोट्या आहेत
आणि ते शाळेवर फार खूश आहेत.

चौकटही वाकली आहे.
दार लागत नाही, किल्ली फिरत नाही.
सुतार म्हणाला, बघू.
(आम्ही सगळे हसलो, त्याला कळलं नाही.)
पण इस्मेनिया रोज सगळ्यांच्या आधी येते,
गळ्यातला दोरा ओढून किल्ली काढते,
उघड्या दाराच्या कुलपात घालते,
जरा थांबते.
‘उघडलं,’ म्हणते.
मग आम्ही आत जातो.