विसावा बार

कपडे वाळवायचं यंत्र थांबल्याशिवाय
थॅडियस सुरुवात करत नाही.
व्हायब्राफोनवरची चादर काढतो,
तिची घडी घालतो, तीही नीट.
मिलवॉकीतलं तळघर, खिडकीच्या काचेपर्यंत बर्फ.

आधी एट्यूड, सातवा.
नुसतं विझवायला शिकवणारा.
एका मॅलेटने वाजवायचं, दुसरी
मागोमाग आधीच्या पट्टीवर टेकवायची,
झोपेत चाळवलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तशी.
पेडल सोडलं तर सगळेच जातात.
एकच विझवायचा, बाकीचे तेवत ठेवायचे.
छत्तीस वर्षं सिटी बस चालवलीय त्याने,
ब्रेकचं त्याला कुणी सांगू नये.

मग ती रेकॉर्ड, अर्ध्या वेगाने.
चार मात्रा. सुई वर. पेन्सिल, खोडरबर,
पुन्हा सुई.
ऑक्टोबरपासून एकोणीस बार उतरलेत कागदावर.
विसाव्यात क्लबमध्ये कुणाचा तरी ग्लास फुटतो
आणि वाजवणारा थबकत नाही,
त्या खळ्‌कडे वळून बघितल्यासारखा
भलत्याच स्वरातून पुढे निघतो.

हे कसं लिहायचं?
थॅडियसने लिहिलंय : ग्लास.

आज नेमकं तिथेच
जिन्यावरून एर्नेस्टीन ओरडते,
"मीठ कुठं ठेवलंस रे?"

चारही मॅलेट हवेत.
पेडल अजून दाबलेलं.