डेडस्टॉक रजिस्टर, अनुक्रमांक ११२

तपासणी सोमवारी आहे.
शाळेत मी एकटाच, आणि मोजायचं बरंच:
बाकं चौऱ्याऐंशी, त्यांतली नऊ लंगडी,
पृथ्वीगोल एक, आसावरून निखळलेला,
तबला आहे, डग्गा नाही.
आणि चित्रकलेच्या खोलीत, दाराआड,
भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं
चित्र, नग एक.

'तपशील' या रकान्याची रुंदी तीन बोटं.
मी लिहिलं: चांदण्या रात्रीचा देखावा.
मग चित्र उजेडात वळवलं
आणि लिहिलेलं खोडलं.

देखावा असा नसतो.
आचऱ्याची खाडी आहे, ओळखू येते,
पण वाहत नाही,
कुणी धुणं पिळावं तशी पिळलेली आहे.
सुरूची झाडं वाऱ्याविरुद्ध वाकलेली,
पाण्यात काही पडलंय आणि ती बघतायत.
माडांना झावळ्या नाहीत, नुसते काळे झटके.
आकाश शेंदरी. शेंदरी नव्हे,
होडीच्या बुडाला लावतात तो तांबडा,
ओघळला तिथेच सुकलेला.
नाक जवळ नेलं तर अजून वास येतो.
आणि सावल्या सगळ्या
चंद्राच्या दिशेने पडलेल्या.

चूक म्हणावी तर आडारकर मास्तरांची कशी म्हणावी?
याच माणसाने सहावीत
माझ्या घागरीच्या सावलीसाठी दोन मार्क कापले होते.
'उजेड कुठून येतो ते आधी ठरव, बांदिवडेकर.
मग रंग भिजव.'

शनिवारी रात्री पिरावाडीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो,
मास्तर जिथे बसले असतील अशा अंदाजाने.
पौर्णिमेला एक दिवस कमी.
चंद्र पांढरा, शहाण्यासारखा वर.
भरती वेळेवर.
सावल्या आपापल्या जागी, माझीसुद्धा,
मागे, टाचांना धरून.
काहीच जुळेना.
एक कुत्रा आला, मला हुंगून गेला.
चपलांतली वाळू झाडली, सायकल काढली.

रविवारी खिचडीवाली शेवंती तांडेल
तपासणीसाठी टोप घासायला आली.
पदराला हात पुसत दारात थांबली.
मी आपलं म्हटलं,
चंद्र बघा कसा खरबरीत, मास्तरांनी रंगच नाही दिला.
'चंद्र खंयचो?' ती म्हणाली. 'ह्या ठिगळ आसा.'

तेव्हा दिसलं, कापड शिडाचं होतं.
चारी बाजूंनी माखलेलं, मधेच एवढं कोरं सोडलेलं.
ती चंद्राच्या कडेवरून बोट फिरवत
टाके मोजू लागली, ओठांतल्या ओठांत.
सतरावर थांबली.
'हंयसर सुतळी संपली. मगे जाळ्याचो दोरो घातलंय.'

खरंच, अठराव्या टाक्यापासून पुढे
चंद्राची कड निळी होती.
इतके दिवस मी तिला रंग समजत होतो.

होडी कुठली, कुणाबरोबर गेली होती,
शीड तेवढं परत कसं आलं,
मी विचारणार होतो.
ती म्हणाली, 'टोप उन्हात उपडे घातलंय. अकरा आसत.
मोजून घ्येवा.'
आणि मोजेपर्यंत थांबली नाही.

ती गेल्यावर कापडावर हात ठेवला.
ठिगळ लावलं की कापड तिकडे ओढलं जातं,
चुण्या पडतात, लांबून लांबून येतात
आणि टाक्यापाशी गोळा होतात.
सुरू, माड, खाडी, काठ:
मास्तरांनी एकही सावली मनाने काढली नव्हती.
चुण्यांवरून ब्रश नेला होता फक्त.

तपशील, मी लिहिलं: शीड, जुने, एका ठिगळासह.
'स्थिती' या रकान्यात
पेन बराच वेळ टेकवून बसलो.

साहेबांनी सोमवारी तिथेच बोट ठेवलं.
हे काय?
शाई उतरली, म्हटलं.