सिझ, सुझ

तिसरीचा वर्ग कंटेनरमध्ये भरतो.
पत्र्यावर ऊन चढायच्या आत
व्याकरण उरकायचं, असा माझा नेम.
दहानंतर मुलं मऊ पडतात
आणि फळाही तापतो.

आज ‘-सिझ’ होता.
शब्दाच्या मागून येतो, शेपटीसारखा,
आणि शब्दात होतं ते नाही करून टाकतो.
मी म्हटलं, सांगा बघू.

तुझसुझ! जुमाली ओरडला. तुझ म्हणजे मीठ.
अळणी. कँटीनमधलं मसुराचं सूप.
शेकेरसिझ: आजोबांचा बिनसाखरेचा चहा,
डॉक्टरांची पाठ वळली की त्यात तीन खडे पडतात.
कुयरुकसुझ: ती लांडी मांजर,
सतरा नंबरच्या पायरीखाली व्यालेली.
फळा भरत गेला. मला बरं वाटत होतं.
पुस्तकातल्या पहिल्या उदाहरणाभोवती
मी रात्रीच शिसपेन्सिलीनं गोल केला होता:
गाळायचं.

हझलनं ते वाचलं, मोठ्यानं.
पुस्तक तिच्यापुढेही होतंच की.
एव म्हणजे घर.
एवसिझ.

कुणीतरी पेन्सिलीला टोक करत होतं,
ते थांबलं.
मग जुमाली म्हणाला,
“आपण कोन्तेनेरली आहोत, बाई.”
-ली म्हणजे असलेला, -वाला.
तो प्रत्यय पुढच्या आठवड्यात होता.
मुलं हसली.
मीही हसले, जरा उशिरा.

सेहेरला वेगळीच शंका:
कधी सिझ, कधी सुझ, असं का?
मी खडू उचलला. मागचा स्वर, पुढचा स्वर, गोल ओठ…
बावीस वर्षं हेच सांगत आलेय.
रंगीत तक्ता होता माझा, चार रकान्यांचा.
तो जुन्या शाळेत राहिला, आणि जुनी शाळा
आता डोंगरापलीकडे, भराव म्हणून.

“समाचाराला येतात त्या बायकांसारखं,” हझल म्हणाली.
“आधी दारातच थांबतात,
आत कोण कसं रडतंय ते ऐकतात,
मग आपला आवाज तसा लावतात.”

मी म्हटलं, हो.
याला उपमा म्हणतात.
आणि फळ्याकडे तोंड केलं.

उरलेल्या वेळात -दाश घेतला.
योल म्हणजे वाट, योलदाश वाटेचा सोबती.
आर्का म्हणजे पाठ,
आर्कादाश ज्याच्या भरवशावर पाठ करावी तो, मित्र.
(मुलं लगेच पाठीला पाठ लावून उभी, ढकलाढकली.)
कार्देश मात्र मी सोडवून दाखवला नाही.
भाऊ, बहीण, एवढंच सांगितलं.
झिजलेला शब्द आहे, त्यातलं पोट आता ऐकू येत नाही;
उकलला तर निघतं,
एका पोटचे.
दुसऱ्या बाकावर एकटा बसतो जुमाली,
डाव्या बाजूला दप्तरापुरती जागा सोडून.

गृहपाठ दिला: डोळा,
पण कपाळाखालचा नको.
दुसऱ्या दिवशी आले बरेच.
टेबलाच्या खणाला आपल्याकडे डोळाच म्हणतात,
ते अर्ध्या वर्गानं लिहिलं होतं.
सेहेरच्या आईचे डोळे वाटेला लागलेले,
बाबा जर्मनीत, हे मला ठाऊक होतं.
पुलाच्या कमानीलाही डोळाच म्हणतात.
हझलनं लिहिलं होतं:

आसीवरच्या आमच्या पुलाला दोन डोळे होते.
एक मिटला.
दुसरा बिनदाराचा आहे,
नदी त्यातून न विचारता जाते.
तिचं नावच बंडखोर.

‘बिनदाराचा’ लिहिताना
तिनं दोन्ही इ-वर टिंबं दिली होती.
तिथं नसतात. तो इ घशातला, बिनटिंबाचा.
मी लाल पेन उघडलं,
पुन्हा एकदा वाचलं,
आणि शिसपेन्सिल शोधायला लागले.