धुई

क्लॅपमच्या स्टेशनावर आम्ही दोघीच उतरलो.
गार्डने आधी आभाळाकडे बघितलं, मग आमच्या बुटांकडे,
आणि काही न बोलता शिट्टी फुंकली.

समोर डोंगर होता म्हणे.
नकाशात तरी होता,
तपकिरी रेघांचा, अंगठ्याच्या ठशासारखा: इंगलबरो.
डोळ्यांना मात्र गावाची शेवटची भिंत, एक मेंढी,
आणि त्यापुढे ओल्या फडक्याने पुसलेली पाटी.

सुलभा पुढे. ती नेहमीच पुढे.
लीड्सच्या इस्पितळात एकतीस वर्षं एक्स-रे काढून
सवय झालीय म्हणते,
पांढुरक्यातनं हाडं शोधायची.
घळीत शिरताना चुनखडीवर हात ठेवून म्हणाली,
"ही बघ बरगडी. हा मणका. जरा सरकलाय."

वर वाऱ्याने अर्धं अर्धं बोलणं खाल्लं.
कुठेतरी ओढा जमिनीच्या पोटात पडत होता,
तीनशे फूट, सरळ.
दिसला नाही. नुसता आवाज:
कुणी अखंड ओततंय
आणि भांडं भरत नाहीये.
तिथे, पाठमोरीच, ती म्हणाली,
"घर विकलं मी. मार्चात जाते. थळला. कायमची."

माझ्या तोंडात बेदाणा होता.
तो संपल्यावरही मी चावत राहिले.

माथा म्हणजे टोक असावं ना?
हा सपाट. कुठेही जा, माथाच.
नाडी बांधायला वाकले, म्हटलं हो पुढे.
मान वर केली तर
पुढे कुणी नव्हतं, आणि पुढे कुठलं तेही नव्हतं.

सुलभा!
कापसात टोचलेल्या सुईसारखी हाक
गेली, पण लागली कुठेच नाही.
एक दगडांचा ढीग तीनदा सुलभा झाला.
लाल कानटोपीवाला एक म्हातारा आला, सोबत भिजका कुत्रा,
"छान दिवस आहे," म्हणाला, अगदी मनापासून,
आणि विरघळला.
विचारायचं राहूनच गेलं.

मग भिंत लागली. दगडी, छातीएवढी,
क्रूसासारखे चार हात पसरलेली,
वारा कुठूनही येवो, एक कोपरा कोरडा राहावा म्हणून.
मी त्या कोपऱ्यात बसले.
नाक गळत होतं ते थंडीने.
तिच्या घराची किल्ली माझ्या जुडग्यात आहे,
माझी दोन्ही बाळंतपणं झाली तेव्हापासून.
ती आता कुठल्या दाराला लावायची?

टण्.

टण् टण्.
स्टीलवर स्टील.
माझ्या पाठीशी, दगडापलीकडे.
भिंतीवरून वाकले:
सुलभा तांडेल, मांडी घालून, डोळे मिटून,
चमच्याने डबा बडवतेय.

"बा असाच डालड्याचा डबा बडवायचा," डोळे न उघडता म्हणाली,
"धुई पडली की.
बाकीच्या होड्यांना कळाय नको, कोण कुठं हाय?"
"किती वेळ बसलीयस इथे?"
"वीस मिनिटं. तू?"
"वीस मिनिटं."
"मग आधी का नाही बडवलास?"
"भरला होता गं. भरलेला वाजतो होय?
एक भाकरी खाल्ली, तेव्हा कुठे वाजला."

काखेत कळसा, असं काहीतरी मी म्हणणार होते,
पण सोड्याच्या चटणीचा वास
तोवर भिंत ओलांडून आला होता.
मीही ओलांडली. गुडघा खरचटला.

उतरताना ती थळचं बोलली नाही. मी विचारलं नाही.
पुलाखाली एकदाच घसरली, तेव्हा माझी बाही धरली,
आणि फाटक येईपर्यंत सोडायची विसरली.

गाडी सुटली आणि ढग उचलला.
अख्खा डोंगर खिडकीत, उपड्या तव्यासारखा.
"आत्ता दिसतोय मेला," म्हणाली,
आणि पुढच्या स्टेशनाआधी झोपली.

डबा माझ्या मांडीवर. आत चमचा.
रुळाच्या प्रत्येक सांध्याला वाजायचा.
समोरचा मुलगा कानातलं काढून बघू लागला.
मी तो तसाच वाजू दिला.