रूळ सोडून

एकतीस वर्षं मी अकरा नंबरची ट्राम चालवली,
स्टेशनपासून मेझापार्कपर्यंत, आणि परत.
रीगा शहराशी माझी ओळख इतकीच,
दोन रुळांत मावेल एवढी.
डावीकडे वळावंसं वाटलं तरी
ट्रामला वाटणं वगैरे नसतं.

निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्यांनी दिली
एक किटली, तीन कार्नेशनची फुलं
आणि फुकट पास.
त्याच गुरुवारी मिएरा रस्त्याला उतरले,
जिथे चॉकलेटच्या कारखान्याचा वास
रोज एक थांबा माझ्या केबिनमधून
विनातिकीट यायचा,
आणि डावीकडे वळले.

बस्स. एवढंच केलं.
मागून कुणी घंटा वाजवली नाही.

आत एक अंगण निघालं,
अंगणात लाकडी घर, पायरीवर मांजर,
आणि घड्याळं दुरुस्त करणारा विल्निस नावाचा म्हातारा.
ट्राम चालवायचे म्हटल्यावर
त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं.
"सहा बेचाळीसची? तुमच्या घंटेवर
भिंतीवरचं घड्याळ लावायचो मी.
हल्लीचा पोरगा दोन मिनिटं उशिरा येतो."
म्हणजे इतकी वर्षं मी
कुणाच्या तरी भिंतीवर टिकटिकत होते,
आणि मला पत्ता नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी.
शेजारची स्काइद्रीतेही येते, गुडघ्यांनी परवानगी दिली तर.
तिच्या पिशवीत उकडलेली अंडी, काळा पाव,
आणि हवेबद्दलची तक्रार, ऋतू कुठलाही असो.

जानेवारीत यूर्मालाला गेलो.
लोक समुद्राला उन्हाळ्यात भेटतात, तो नटलेला असताना.
आम्ही त्याला घरच्या कपड्यांत पाहिलं:
काठाशी बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढलेल्या,
आणि खालून लाटेचा आवाज,
पलीकडच्या खोलीत कुणी खुर्ची सरकवावी तसा.
"नाक गळून पडेल," स्काइद्रीते म्हणाली.
टरफलं मात्र तिने वेचून पिशवीत भरली.

मार्चअखेर ओग्रेला, मावसभावाकडे.
बर्चच्या खोडाला भोक पाडून नळी लावायची
आणि बरणी भरेपर्यंत गप्प बसायचं.
रस पाण्यासारखाच लागतो,
फक्त पाण्याला काहीतरी आठवल्यासारखा.

जूनमध्ये इथे धड रात्र होत नाही.
त्यामुळे जूनचं काही सांगत नाही.

केमेरीच्या दलदलीवर फळ्यांची वाट आहे.
पहाटे चारला मी तिच्यावर उभी, आणि हसू फुटलं:
पुन्हा अरुंद, पुन्हा सरळ, पुन्हा उतरायची सोय नाही!
पण इथे कुठेही थांबता येतं.
वेळापत्रक बेडकांचं.

चांभार परवा म्हणाला, बाई, काय बदललं?
आधी तुमचा उजवाच बूट झिजायचा.

आणि सप्टेंबर.
सनिता आयर्लंडहून फोन करते,
"आई, ये ना, विमान स्वस्त आहे."
ती तिथे मशरूमच्या शेडमध्ये आहे,
दिव्याखाली, रांगेने, मिनिटाला इतकी.
मी सिगुल्दाच्या जंगलात, ओल्या पानांत गुडघे रोवून,
एकेक अळंबी हुंगत.
"येईन गं," म्हटलं, "आधी इथलं संपू दे."
"तासाभराच्या अंतरात
असं काय आहे संपायला?"

उत्तर सुचलं नाही.
टोपली कॅमेऱ्यासमोर धरली.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
तिच्या मागे कुठलं तरी यंत्र चालू होतं.
मग म्हणाली, "ती कडेची, पिवळी. कुठे मिळाली?"

अळंबीची जागा फोनवर सांगत नाहीत.
"येशील तेव्हा दाखवेन," म्हटलं.
"स्टेशनपासून चालत.
बूट जाड आण."